घरच्या घरी

शमीम, मला तुझा राग आलाय. हे आधीच सांगून टाकते, कारण गेले बारा दिवस तुझ्या घरी जो येतोय तो तुझं चांगलंच बोलतोय. किती हसतमुख, किती कष्टाळू, कुणाला कधी नाही म्हणाली नाही. मीही त्या बायकांत मांडीला मांडी लावून बसते, मान डोलावते आणि मनातल्या मनात तुला शिव्या देते. जियारतीला, म्हणजे तिसऱ्या दिवशी, कुणीतरी म्हणालं, ‘लई सोसणारी बाई व्हती.’ तेव्हा मी उठले आणि तुमच्या दुकानापुढच्या कापसाच्या गाठोड्यावर जाऊन बसले. सोसणारी. तेच तर झालं.

परवा बाजारात एक ओळखीची बाई मला थांबवून म्हणाली, ‘मास्तरीणबाई, त्या वयात कशाला उड्या मारायच्या? तुमीच नादी लावलं ना तिला?’ मी तिला जे बोलले ते लिहिण्यासारखं नाही. तू व्यायामाने गेली नाहीस. मंगळवारी दुपारी दुकानात बसून रजई टाचताना तुझा हात थांबला. तुझे यजमान रफिकभाई ओतूरला गाद्या पोचवायला गेले होते. शेजारच्यांनी जीपमध्ये घातलं, पण नारायणगाव यायच्या आतच सगळं संपलं. मी तेव्हा शाळेत चौथीच्या वर्गाला भागाकार शिकवत होते.

आणि नादी मी लावलं नव्हतं. तू मला लावलंस.

मी बदली होऊन जुन्नरला आले तेव्हा नव्वद साल नुकतंच उलटलं होतं. भाड्याच्या घरासमोरच तुमचं गाद्यांचं दुकान. माझ्या संसारातली पहिली नवी गादी तू भरलीस, आणि भरता भरता माझं माहेर, सासर, गावाकडची शेती, नवऱ्याचा स्वभाव, सगळं विचारून घेतलंस. पुढच्या दहा-बारा वर्षांत आपण दोघीही चांगल्या रुंद झालो. कापूस पिंजायचं मशीन आल्यापासून तुझं उभ्याचं काम सुटलं होतं, आणि मी तर खुर्चीवरच. माझे गुडघे आणि तुझी शुगर एकाच आठवड्यात निघाली. डॉक्टर दोघींनाही तेच म्हणाले, वजन कमी करा. कसं करायचं ते त्यांनी सांगितलं नाही. बाहेर पंचवीस पेशंट बसले होते.

त्या सुमाराला बाजारपेठेत हार्डवेअरच्या दुकानावर जिम निघाली होती. ‘दुपारी दोन ते चार महिलांसाठी’ असा बोर्ड. तू म्हणालीस, बघून तरी येऊ. जिना चढतानाच दोघींना धाप लागली. वर चारही भिंतींना आरसे, आणि घट्ट बनियन घातलेला एक जण वजनकाट्याशी उभा. त्याने आपली वजनं मोठ्याने वाचून दाखवली. तू पळायच्या मशीनभोवती एक चक्कर मारलीस आणि त्याला विचारलंस, ‘भाऊ, ह्याच्यावर किती चाललं की ओतूर येतं?’ तोही हसला. मग त्याने फॉर्म दिले. फी सहा महिन्यांची एकदम, ती वाचूनच आपण एकमेकींकडे बघितलं. पण फॉर्म हातात होता म्हणून भरला. छातीत दुखतं का, चालताना धाप लागते का, घरात कुणाला हृदयविकार होता का.

‘जिमचं चाललंय का सोयरीक जुळवायचं?’ तू म्हणालीस आणि सगळीकडे ‘नाही’ लिहून टाकलंस. नुकताच जिना चढून तुझा श्वास अजून जागेवर आला नव्हता, तरी ‘नाही’. तुझे अब्बा पन्नाशीच्या आत छातीत कळ येऊन गेले, हे मला जियारतीला तुझ्या भावाकडून कळलं. इतक्या वर्षांत तू त्यांची टोपी कशी होती, ते बैल कसे हाकायचे, हे सगळं मला सांगितलंस. ते कशाने गेले, ते नाही.

जिना उतरताना म्हणालीस, ‘एवढं देऊन दुसऱ्याच्या आरशात आपलं ढुंगण कशाला बघायचं? घरच्या घरी करू.’

पुरुषांना गावात तालीम होती, पोहायला विहिरी होत्या, आता जिम होती. बायकांना पिठाची गिरणी आणि दवाखाना. तुमच्या घरामागची कापसाची खोली तू दोन दिवसांत रिकामी केलीस. जुन्या सतरंजीच्या कापडात कापूस इतका ठासून भरलास की बोट रुतेना. मी म्हटलं, अगं, ही फळी झाली. ‘मऊ केली तर तुला झोप लागंल. तुझी गादी मीच भरलीया, मला ठाऊक हाय.’ गोडेतेलाच्या कॅनमध्ये वाळू भरलीस. पायाला बांधायला जाड कापडाच्या लांबट पिशव्या शिवल्यास, त्यातही वाळू, दोन्ही टोकांना नाडी. रफिकभाईंच्या सायकलची फाटकी ट्यूब खिडकीच्या गजाला बांधली, ती ओढायची. माडीच्या जिन्याला सोळा पायऱ्या होत्या, त्या चढायच्या-उतरायच्या. मी शाळेतल्या खेळाच्या सरांना विचारून वहीत व्यायाम उतरवून आणायचे, रेघोट्यांची माणसं काढून. मी बेचाळिसाव्या वर्षी पहिल्यांदा सलवार घातली, तीही तुझी, आणि नाडीची गाठ अशी बसली की सोडवायला तुलाच बोलवावं लागलं.

तुझ्या सासूबाई, अम्मी, खाटेवर बसून आकडे मोजायच्या. सतराच्या पुढे त्यांचं चुकायचं आणि त्या पुन्हा बारापासून सुरू करायच्या. अम्मींच्या विसात निदान तीस असायचे. कुणी कुरकुरलं तर म्हणायच्या, ‘मोजतीय कोण, तू का मी?’ वर्षभरात बांगड्या भरणारी हसीना आली, भाजी विकणारी मंगल आली, मागून आणखी दोघी. सकाळी साडेपाचला पाच-सहा जणी, आणि मध्ये तू, कंबरेला ओढणी खोचून. ‘पाठ सरळ. पोट आत. मंगल, तू नवऱ्याला उचलतीया का कॅनला?’

दुसऱ्या वर्षी आपण शिवनेरी न थांबता चढलो. पहिल्यांदा गेलो तेव्हा सहा ठिकाणी बसलो होतो. वर पोचल्यावर तू चपला काढून सरळ खडकावर आडवी झालीस. येणारे-जाणारे पुरुष बघत होते, तुला पर्वा नव्हती. आभाळाकडे बघत म्हणालीस, ‘कुसुम, मी माझं अंग परत घेतलं गं.’ ते वाक्य मी जपून ठेवलंय. आज माझे गुडघे चालतायत ते त्या खोलीमुळे, तुझ्यामुळे. हे नाकारत नाही. म्हणून तर राग जास्त येतो. ज्या बाईने पाच बायकांना त्यांचं अंग परत दिलं, तिने स्वतःचं असं वाऱ्यावर सोडावं?

आणि माझ्या वेळी काय केलं होतंस ते आठव.

माझी पाळी बंद होऊन वर्ष झालं होतं आणि पुन्हा रक्त दिसायला लागलं. दोन महिने मी कुणाला बोलले नाही. एका सकाळी चादर धुताना तू पकडलंस. मी तुला शपथ घातली, माझ्या गळ्याची. तू मान हलवलीस. आणि त्याच संध्याकाळी माझ्या दारात येऊन उभी राहिलीस आणि आमच्या ह्यांना म्हणालीस, ‘भाऊ, कुसुमला उद्याच्या उद्या दवाखान्यात न्या. काय झालंय ते तिला इचारू नका, डॉक्टरला इचारा.’ माझ्या देखत. मला जमीन दुभंगून आत जावंसं वाटलं. पिशवी काढावी लागली. डॉक्टर म्हणाले, बाई, आणखी उशीर केला असता तर हे इथवर थांबलं नसतं. दवाखान्यात तू माझ्यासाठी बसायला खास गादी करून आणलीस, मधे भोक ठेवून, आणि मी तुझ्याशी बोलले नाही. महिनाभर बोलले नाही. तू रोज यायचीस, एकटीच बोलायचीस आणि जायचीस. एकदा मी म्हटलं, ‘शपथ मोडलीस तू माझी.’ तू म्हणालीस, ‘मोडली. मग? मेलीस का?’

तू माझा जीव वाचवलास, हे मी तुला एकदाही सरळ म्हटलं नाही. पुढे हसण्यावारी नेलं. आता म्हणते आहे, तर ऐकायला तू नाहीस.

तू माझी शपथ मोडलीस. मी तुझी पाळली. आपल्या दोघींत शहाणी कोण होती ते आता उघडच आहे.

या हिवाळ्यात गडाच्या तिसऱ्या दरवाजाशी तू थांबलीस. कठड्याला टेकून डाव्या जबड्याखाली हाताने दाबत होतीस. कपाळावर घाम, आणि वारा तर बोचत होता.

‘काय झालं?’

‘गॅस.’

‘जबड्यात गॅस?’

‘अगं, आज ओवा खाल्ला न्हाई मी. बस जरा, गप बस.’

पाच मिनिटांनी तुझा चेहरा पूर्वीसारखा झाला आणि तू पुढे चालायलाच निघालीस. मी हात धरून तुला खाली आणलं. वाटेत तू मला शपथ घातलीस. ‘घरी बोलायचं न्हाई. लगीनसराई तोंडावर हाय, दुकानात मान वर करायला सवड न्हाई. रफिकला कळलं तर दुकान बंद करून बसंल माझ्यापाशी.’ मी म्हटलं, बसू दे. तू म्हणालीस, ‘तुला माझ्या गळ्याची.’ आणि मी, मास्तरीण, पोरांना खरं बोलायला शिकवणारी, गप्प बसले.

एवढं मात्र केलं की ओळखी काढून पुण्याच्या हृदयाच्या डॉक्टरची वेळ घेतली. रजा टाकली. तू हो म्हणालीस. ठरल्या दिवशी मी साडेसहाला स्टँडवर. साडेसहाची एसटी गेली, सव्वासातची गेली. नऊला परत आले तर तू दुकानात, तोंडात दोरा धरून गादीला टाके घालत होतीस. तेव्हाचं भांडण शब्द न् शब्द आठवतंय मला.

‘काय, विसरलीस?’

‘विसरले न्हाई. गेले न्हाई.’

‘का?’

‘काय करणार तो डॉक्टर? तूच म्हणालीस न्हवं, त्या मशीनवर चालवून बघत्यात. त्या जिमात न्हाई चढले, आन् तिथं जाऊन चढू? मी रोज सोळा पायऱ्या पन्नास येळा चढती. हीच माझी तपासणी.’

‘व्यायाम घरी होतो, शमीम. तपासणी घरी होत नाही.’

‘मला काय व्हतंय? मी काय आता पैल्यासारखी हाय? दंड बघ माझा.’

आणि तू खरंच दंड दाखवलास. घट्ट होता. तोच तुझा पुरावा. पूर्वीची धापा टाकणारी शमीम असतीस तर कदाचित घाबरून गेली असतीस. आपण इतकी वर्षं कमावलेली ताकद तू डॉक्टरला दारात अडवायला वापरलीस. घरच्या घरी गाद्या, घरच्या घरी वजनं, घरच्या घरी ओवा आणि सोडा. जिमला नाही म्हटलं ते शहाणपणाचं होतं. पण एक गोष्ट जमली म्हणून सगळंच घरात उरकतं असं तुला कुणी सांगितलं? मी त्या दिवशी तुला हेच ओरडून सांगायला हवं होतं. मी फक्त म्हटलं, ‘मर मग,’ आणि निघून आले.

मर मग. हे माझे शब्द आहेत. ते मी कुठे ठेवू, शमीम?

आठ दिवस आपण बोललो नाही. नवव्या दिवशी पायाला वाळूच्या पिशव्या बांधून, तशीच भर रस्त्यातून धपधप करत तू माझ्या दारात आलीस. ‘मे म्हैन्याची लग्नं उरकू दे. जूनला तू म्हणशील तिथं येती. आता हस.’ मी हसले. मला हसायला नको होतं. तू जशी माझ्या दारात उभी राहून बोललीस, तसं मी तुमच्या दुकानात उभं राहून रफिकभाईंना बोलायला हवं होतं. रस्ता ओलांडायला मला वीस पावलं होती. मे उजाडायच्या आत तू गेलीस. डॉक्टरकडे गेली असतीस तर वाचली असतीस का, मला माहीत नाही. कुणीच सांगू शकत नाही. पण कुणी बघितलं तरी असतं ना.

मागच्या आठवड्यात तो जिमवाला रस्त्यात भेटला. आता त्याचंही पोट सुटलंय. म्हणाला, ‘काकू, त्या आमच्याकडं आल्या असत्या तर डॉक्टरचा कागद आणल्याबिगर आमी मशीनवर चढू दिलं नसतं.’ मी म्हटलं, ‘तुमच्या फॉर्मवर तिने सगळीकडे नाही लिहिलं होतं, धापा टाकत. तुमच्यासमोर. तुम्ही बघितलंत का?’ तो खाली बघत निघून गेला. त्याच्यावर जिंकून मी घरी आले आणि कणीक मळता मळता लक्षात आलं की त्याने निदान विचारलं तरी होतं. आपल्या खोलीत सहा वर्षं आपण एकमेकींचं वजन विचारलं, कंबर सुतळीने मोजली, कुणाच्या सासूने काय म्हटलं ते विचारलं. कुठं दुखतंय का, हे कुणी कुणाला विचारलं नाही. तुझ्या खोलीत दुखणं चालतच नव्हतं. कुणी ‘आई गं’ म्हटलं की तू म्हणायचीस, ‘नाटकं बास.’ आम्हाला हसू यायचं.

काल मी अम्मींसमोर जाऊन बसले आणि सगळं सांगितलं. गड, जबडा, शपथ, पुण्याची एसटी. मला वाटलं त्या मला हाकलून देतील. द्यायलाच हवं होतं. अम्मी ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. मग म्हणाल्या, ‘मला ठाऊक व्हतं. धुणं पिळता पिळता खाली बसली व्हती, छातीला हात लावून. मलापण शपथ घातली. रफिकला सांगायचं न्हाई, कुसुमला तर मुळीच न्हाई, ती लगेच पुण्याला वढील.’

हसीना दारात कपबश्या विसळत होती. तिचा हात थांबला. ‘मलापण,’ ती म्हणाली. ‘बांगड्या भरताना बोलली व्हती, डावा हात भरून येतो म्हणून. आन् म्हणली, बोललीस तर माझं मेलं तोंड बघशील.’

शमीम, ते ऐकल्यावर मला तुझा जितका राग आला तितका आजवर कुणाचाच आला नाही. तू आम्हाला वाटून टाकलंस. एकीला जबडा दिलास, एकीला छाती, एकीला हात, आणि प्रत्येकीला सांगितलंस की फक्त तुलाच सांगतेय. प्रत्येकीला वाटलं, आपण तिच्या किती जवळच्या. तिघींनी एकदा एका जागी बसून तोंड उघडलं असतं तर तुझे हातपाय धरून आम्ही तुला गाडीत घातलं असतं. माझ्या आणि हसीनाच्या हातात ताकद कमी नव्हती, तूच तर घडवली होतीस. आणि आम्ही तिघी रोज साडेपाचला एका खोलीत होतो. एकमेकींपासून एका गादीच्या अंतरावर.

आज सकाळी मी त्या खोलीत गेले. कुणाला बोलावलं नव्हतं, तरी सगळ्या आल्या. मंगल, हसीना, त्या दोघी, आणि खाटेवर अम्मी. कुणी कॅनला हात लावेना. मंगल म्हणाली, ‘करायचं का न्हाई आता?’

मी म्हटलं, ‘करायचं. पण आधी कुणाला कुठे काय दुखतं ते सगळ्यांसमोर बोलायचं. एकटीच्या कानात नाही. शपथ कुणी घालायची नाही, घातली तर कुणी पाळायची नाही.’

बाहेर दुधवाल्याची घंटी वाजली. मग मंगल म्हणाली की डोक्यावर पाटी घेतली की तिला अंधारी येते, तीन महिने झाले. हसीनाला छातीत गाठ लागतेय, दिवाळीपासून. तिने असं सांगितलं, जसं बांगडीचं माप सांगावं, आणि मग ओढणी तोंडात कोंबून रडायला लागली. तिला घेऊन सोमवारी मी पुण्याला जातेय. तिच्या नवऱ्याला मीच सांगितलं, त्याच्या दारात उभं राहून. त्या दोघींचंही काय काय निघालं. सहा वर्षं शेजारी शेजारी घाम गाळणाऱ्या बायका, आणि एकीचं दुखणं दुसरीला माहीत नाही. व्यायाम काही झाला नाही. पावणेआठ वाजले, चहा दोनदा झाला, मंगलची पाटी भरायची राहून गेली.

शेवटी अम्मी माझ्याकडे वळल्या. ‘आन् तुझं काय, मास्तरीण?’

मी म्हटलं, ‘डावा गुडघा.’ त्या बघत राहिल्या. मग म्हटलं, ‘आणि मला तिचा फार राग आलाय, अम्मी. जातच नाही.’

‘नगं जाऊ दे,’ अम्मी म्हणाल्या. ‘मलापण आलाय.’